डोंगर चढलेला बाक

मित्रांनो, वर्गात तुम्ही ज्यावर दप्तर आपटता ना, त्याच कुळातला मी. फक्त वयाने बराच मोठा. मी एक जुना लाकडी बाक आहे. एका म्हाताऱ्या सुताराने मला चार दिवस खपून घडवलं. रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्या पाठीवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, की याच्यावर बसणाऱ्याला कधी कुसळ टोचायचं नाही. ते माझं पहिलं कौतुक.

मला शेती-अनुदानाच्या कचेरीत, साहेबांच्या खोलीबाहेर ठेवलं. पंप, बियाणं, पाण्याची टाकी यांसाठी तिथून शेतकऱ्यांना मदत मिळे आणि ती फेडावीही लागत नसे. फक्त अर्ज मंजूर व्हायला हवा. सपाटीवरचे मोठे बागाईतदार माझ्यावर टेकतसुद्धा नसत, थेट आत जात. माझ्यावर बसत ती डोंगरावरच्या वस्तीतली माणसं. त्यांचे आजे-पणजे ती उतरण कसत आले होते, पण जमिनीचा कागद त्यांच्या नावावर कधी कुणी केलाच नव्हता.

त्यांच्यातली एक मावशी नेहमी यायची. चार तास डोंगर उतरून यायची. ओढ्याचं पाणी डोक्यावरून रोपांपर्यंत वाहून वाहून तिच्या मानेलाच बाक आला होता, म्हणून की काय, ती मला आपली वाटे. तिला वस्तीसाठी टाकी आणि नळ हवा होता. कारकून दर वेळी जमिनीचा कागद मागे आणि अर्ज परत करी. तो वाईट नव्हता, पण नाही म्हणायची त्याला सवय लागली होती. अशी सहा वर्षं गेली. कचेरीतले शिपाईदादा तेवढे ती आली की माझ्यावर फडका मारत आणि पाण्याचा पेला आणून देत.

एके सकाळी कचेरी उघडण्याआधीच एक साध्या कपड्यांतल्या बाई येऊन मावशीशेजारी बसल्या. मावशीने जरा सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुमचा कितवा हेलपाटा?"

"पहिलाच," बाई म्हणाल्या.

"मग तुमचे पाय अजून दुखायचेत."

बाई हसल्या. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली आणि मावशी सांगत गेली: ओढा किती खाली आहे, रोपं कधी जळतात, सून गरोदरपणातही कशी घागरी वाहत होती. दहा वाजता शिपाईदादा आले आणि त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला. त्या कचेरीच्या नव्या साहेब होत्या. मावशी चटकन उभी राहिली. बाईंनी तिचा हात धरून तिला परत बसवलं.

मग त्यांनी अर्ज मागवला आणि तो उलटून पाहिला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं, की कागद नसेल तर शेतकरी ती जमीन कसतो असं दोन शेजाऱ्यांनी लिहून दिलं तरी पुरे. सहा वर्षांत ते पान कुणी उलटलंच नव्हतं. कारकुनाने मान खाली घातली.

पण अर्जाची मुदत संपायला आठच दिवस उरले होते. टाकी सगळ्या वस्तीची, म्हणून अर्जावर सह्याही सगळ्या घरांच्या हव्या होत्या आणि ऐन कापणीत सगळ्यांना खाली येणं शक्य नव्हतं. बाई म्हणाल्या, की आपणच वर जाऊ. शिपाईदादांनी सुचवलं, की लिहायला टेकायला काहीतरी लागेल, बाकच घेऊ या.

जीपच्या टपावर मला दोरीने बांधलं. रस्ता संपला तिथून चौघांनी मला खांद्यावर घेतलं. वाटेत एका गुराख्याने टोपी काढून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

शिपाईदादा म्हणाले, "कुणी गेलं नाही बाबा. कचेरी आलीय."

वस्तीवर मला एका झाडाखाली मांडलं. एक थकलेले आजोबा काही केल्या बसेनात. साहेबांपुढे बसायचं कसं, म्हणून अंग चोरून उभे राहिले. बाईही उठून उभ्या राहिल्या. शेवटी दोघं एकदमच बसली. संध्याकाळपर्यंत घराघरातून माणसं आली. कुणी सही केली, कुणी अंगठा उमटवला. कारकून स्वतः प्रत्येकाला अर्ज वाचून दाखवत होता.

सात महिन्यांनी मंजुरी आली. टाकी बांधून झाली आणि नळाला पाणी आलं, त्या दिवशी मावशी कितीतरी वेळ धारेखाली नुसता हात धरून उभी होती. सुनेने तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून घेतली, तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बाईंनी रीतसर लिहून मला वस्तीलाच देऊन टाकलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाईंची बदली झाली, शिपाईदादा निवृत्त झाले. मी टाकीजवळ उघड्यावरच असतो. माझा एक पाय कुजलाय, पाठीला चीर गेलीय. पोरं माझ्यावर उभी राहून उड्या मारतात, तेव्हा कळ निघते.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. जमलं तर माझ्या पायाला एक पट्टी ठोका, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. मग मला हवं तिथे न्या, झाडाखाली, शाळेत, ओट्यावर. फक्त कुणाला ताटकळत ठेवण्यासाठी मला कुठल्या दाराबाहेर ठेवू नका.