रोज अपडेट, अपग्रेड कधीच नाही

मी लॅबमधला लिनक्सवाला कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय कसला, सहा वर्षं नुसती डोकेफोड करतोय.

ही रक्त तपासायची लॅब दोघा भावंडांची. ताई रक्त काढते, धाकटा भाऊ मला सांभाळतो. सांभाळतो म्हणजे रोज सकाळी मला पुसतो, 'अपडेट' ही कमांड देतो आणि भिंतीवरच्या तक्त्यावर बरोबरची खूण करतो. खूण केली की माणसांना काम झाल्यासारखं वाटतं.

अहो, अपडेट म्हणजे नुसती यादी. कुठल्या प्रोग्रामची दुरुस्त आवृत्ती आली आहे, ते मी विचारून येतो, एवढंच. ती आणून बसवायची तर 'अपग्रेड' म्हणावं लागतं. वाणसामानाची यादी रोज नव्याने लिहून डबे भरतात का? शेवटच्या ओळीत मी रोज सांगायचो, इतके प्रोग्राम अपग्रेड करायचे बाकी आहेत. आकडा एकशे चाळीसवर गेला. हा पठ्ठ्या ती ओळ न वाचताच चहाला पसार. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांत रिपोर्ट छापणारा प्रोग्रामही होता. लांब रिपोर्टची शेवटची ओळ तो गाळायचा. त्याची दुरुस्ती माझ्या यादीत येऊन महिना झाला होता, तेव्हा नेमका त्यांच्या आईचा रिपोर्ट लांब निघाला. गळली ती किडनीची ओळ. कागदावर सगळं ठीक दिसलं, म्हणून आई किडनीला न झेपणाऱ्या गुडघेदुखीच्या गोळ्या दोन महिने घेत राहिली. मग पाय सुजले. डॉक्टरांचा फोन आला, किडनीची तपासणी केलीच नव्हती का?

भावाने रिपोर्ट उघडला. पडद्यावर ती ओळ होती, वाढलेला आकडा लाल रंगात.

"तू अपडेट करत होतास ना रे?" ताईने विचारलं.

"रोज करतो गं. तक्ता बघ की."

तिने तक्ता पाहिला नाही. त्याला पुन्हा कमांड द्यायला लावली आणि माझी शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "एकशे चाळीस बाकी आहेत म्हणतोय हा. मग तू रोज करत काय होतास?"

मग त्याने अपग्रेड दिलं. अकरा मिनिटांत माझं सगळं नवं झालं.

आईचं तसं व्हायचं नाही. किडनी जेवढी गेली तेवढी गेली, असं ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती. आता तो माझी एकेक ओळ बोट ठेवून वाचतो आणि मला त्याच्यावर रागावताही येत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याचं म्हणणं शेवटपर्यंत वाचा. आम्हाला ओरडता येत नाही हो.