नानांच्या पानाचा खलबत्ता

मित्रांनो, मी एक जुना पितळी खलबत्ता आहे. पण वैद्याचा नव्हे, पानाचा. धुळ्याच्या ओताऱ्याने मला घडवलं आणि शिंदखेड्याच्या जीवरामनानांनी हौसेने घेतलं. नानांच्या तोंडात एकही दात नव्हता. पान, सुपारी, कात, चुना आणि चिमूटभर तंबाखू दिवसातून सहा वेळा माझ्यात कुटली जाई. माझी ठणठण गल्लीभर ऐकू जाई. मला त्याचा भारी तोरा होता.

सत्त्याऐंशी सालच्या थंडीत नानांच्या नातीला, आठ वर्षांच्या बेबीला, गालगुंड झालं. आधी एक गाल फुगला, मग दुसरा. अंगात ताप. तिच्या आईने, लिलाबाईने, कढीत भाकरी कुस्करून दिली. पहिल्याच घासाला पोर जबडा धरून रडली. त्यानंतर दोन दिवस तिने तोंडच उघडलं नाही. "लई हट्टी व्हयनी," लिलाबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. "अहो, आंबटाने तिला कळ येते. मऊ, पातळ द्या, पाणी घोट घोट पाजा. ओल्या फडक्याने गाल शेका. तिची भांडी वेगळी ठेवा, शाळेत पाठवू नका. पोट दुखलं किंवा उलट्या झाल्या तर लगेच दवाखान्यात आणा." लिलाबाईचे डोळे भरून आले. तिने मुगाची खिचडी केली, पण बेबी आता घासालाच घाबरत होती.

तेव्हा नाना उठले. त्यांनी अर्धा कुटलेला विडा फेकून दिला आणि मला सुनेपुढे ठेवलं. तिने मला राखेने तीनदा घासलं, उकळत्या पाण्यात टाकलं. मग माझ्यात खिचडी लोण्यासारखी मऊ झाली. नाना आपली वाटी घेऊन बेबीशेजारी बसले.

"माले दात नही, तुले चावता येत नही. चाल, आपण दोन्ही संगे जेवूत."

घास टाळूला लावायचा, जिभेने हळूच दाबायचा, हे त्यांनी करून दाखवलं. बेबीने एक घास गिळला. मग दुसरा.

पुढचे आठ दिवस मी फक्त तिचा होतो. नानांचा हात सवयीने पानाच्या चंचीकडे जाई आणि रिकामा परत येई. ते चिडचिडे झाले, पण मला मागितलं नाही. नवव्या दिवशी सूज उतरली आणि बेबीने भाकरीचा कडक पापुद्रा कटकन तोडला. लिलाबाईने मला आनंदाने नानांपुढे ठेवलं. नानांनी मला हुंगून पाहिलं.

"ऱ्हाऊ दे. यामा आते तंबाखू नको," ते म्हणाले.

त्यानंतर गल्लीत कुणाच्या पोराला चावता येईनासं झालं की मला बोलावणं येई. असा मान पानाने मला कधी दिला नव्हता.

मित्रांनो, आजारी माणसाने घास नाकारला तर त्याला हट्टी म्हणू नका. कुठे दुखतं ते विचारा. मला वापरलंत तर स्वच्छ घासून ठेवा. माझ्यासारखा खलबत्ता घरात नसला, तरी अडत नाही. बेबीने पहिला घास गिळला तो नाना शेजारी जेवत होते म्हणून, हे माझ्यासारख्या गर्विष्ठालाही कबूल करावं लागतं.