वड्यांचं वजन

"आठशे साठ ग्रॅम," न्यायाधीशबाईंनी कागद वाचला. "नव्या कायद्यानं शिक्षा रद्द होते ती चौदा ग्रॅमपर्यंत, मिस्टर डुप्लांटी."

एल्मो उभा राहिला. "बाईसाहेब, त्यात साखर आहे. अक्रोडासारखे पेकान आहेत, लोणी आहे. गांजा चिमूटभर होता."

"मिश्रणाचं वजन धरतात. ते नव्या कायद्यानं बदललेलं नाही. आणि खाली सही तुमचीच आहे ना?"

सही त्याचीच होती. तेव्हा त्याची बायको क्लोटील जिवंत होती. पोटात अन्न ठरत नव्हतं; गांजानं ठरतं म्हणत, पण फुप्फुसं गेलेली, त्यामुळे तो ओढता येत नव्हता. एल्मोनं पाला लोण्यात कढवून पेकानच्या वड्या केल्या. पहिल्या घाण्याला ती म्हणाली, "साखरेला कंजूषपणा केलास." म्हणून दुसऱ्या घाण्यात त्यानं दोन वाट्या साखर जास्त घातली. तोच डबा इस्पितळाच्या वाटेवर पोलिसांनी धरला. बचावासाठी सरकारनं दिलेला वकील म्हणाला, कबूल केलंत तर संध्याकाळी बायकोजवळ, नाही केलंत तर महिनाभर आत. गावात सगळे असंच करत. एल्मोनं न वाचता सही केली आणि संध्याकाळी तिच्या उशाशी जाऊन बसला. पुढे नऊ दिवसांनी ती गेली.

आता अर्ज फेटाळला गेला आणि शिक्षा तशीच राहिली: तीन वर्षांची, पण स्थगित. पाच वर्षं परवानगीशिवाय राज्य सोडायचं नाही, सोडलं तर ती तीन वर्षं तुरुंगात. क्लोटीलचं माहेर नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यात, आणि तिला पुरलंही तिथेच. उद्या सर्व संतांचा दिवस, आपल्या माणसांच्या थडग्यांवर जाण्याचा सण. त्याआधी थडगी चुन्यानं रंगवतात. पहिल्या वर्षीचा चुना घरच्या माणसाच्या हातचा लागतो.

शिक्षेच्या काळात त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मिस गीड्रीला तो कोर्टाबाहेरच भेटला.

"दफनाला दिली होती की परवानगी, मिस्टर एल्मो," ती म्हणाली. "अर्जात आजारपण आहे, मृत्यू आहे, नोकरी आहे. रंगकाम नाही."

"रंगकाम नाही ते."

"मला कळतं हो. माझीही आई तिथेच पलीकडे आहे. पण वरचे लोक अर्ज बघतात, आपली तोंडं बघत नाहीत."

दुपारी तो भिजवलेल्या चुन्याची बादली घेऊन पुलाच्या अलीकडे थांबला. मेहुणी इर्मा पलीकडून गाडी घेऊन आली.

"बस गाडीत," ती म्हणाली. "तुला मोजायला कोण बसलंय पुलावर?"

"फोनवरून कळतं त्यांना. परवा न्हाव्याकडे होतो, तेही ठाऊक होतं."

"मग फोन घरी ठेव."

"घरी फोन वाजला आणि मी उचलला नाही, की दारात गाडी उभी."

"तीस वर्षं माझ्या बहिणीला घाबरलास, आता सरकारला. सुटका नाही तुझी!" इर्मा हसली आणि गाडीचं मागचं दार उघडायला वळली. "लोक विचारतील, नवरा कुठे आहे तिचा. काय सांगू?"

"सांग, साखर जास्त झाली."

त्यानं बादली गाडीत ठेवली. "आधी दगडावर पाणी मार. मग दोन हात दे. नावाच्या अक्षरांत चुना जाऊ देऊ नकोस. तिला आवडायचं नाही ते. अक्षरांच्या कडांसाठी बारीक ब्रश आहे."

"कळलं रे बाबा. मीही रंगवलीत थडगी."

गाडी पुलावर चढली, आणि एल्मोचा हात खिशाला लागला. बारीक ब्रश खिशातच होता. तो ओरडत पळत सुटला. पुलाच्या मधोमध दुसऱ्या राज्याच्या नावाची पाटी होती. तिच्याशी येऊन तो थांबला. गाडी पलीकडे उतरून झाडांआड गेली होती.

त्यानं फोन लावला. "इर्मा, ब्रश माझ्याकडेच राहिला. परत ये."

"आता कुठे परत येऊ? पाद्रीबाबा चारला फाटक लावतात. बोटानं करते."

"बोट जाड पडेल."

"मग तू ये!"

एल्मोनं पाटीकडे पाहिलं. त्याच्या बुटापासून ती हातभर होती.

"काडी घे," तो म्हणाला. "काडीला चिंधी गुंडाळ. आणि फोन चालू ठेव. कुठलं अक्षर आलं ते मला सांगत राहा."