लाल बासन

लाल बासनात बांधलेले दप्तर कायमचे, पांढऱ्यातले दहा वर्षांनी रद्दीत. शाळाखात्याच्या रेकॉर्ड रूमचा हा नियम गाठबाईंनी आयुष्यात एकदाच मोडला होता. बारा वर्षांपूर्वी लाल कापड संपले, म्हणून एका बंद पडलेल्या शाळेची दाखल-रजिस्टरे त्यांनी पांढऱ्यात बांधली. कापड आले की बदलू म्हणाल्या. कापड आले, बाई विसरल्या.

आणि आज रद्दीची यादी चाळताना त्या शाळेचे नाव दिसले. ट्रक फाटकाशी भरून उभा होता.

मुळातच भित्री बाई. साहेबांची बेल वाजली, की आधी आपले काय चुकले ते आठवू लागायची. तेहतीस वर्षांत एक ठपका नाही, निवृत्तीला आठ महिने, आणि हे असे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई," शिपाई हळूच म्हणाला. "शाळाच राहिली नाही, विचारणार कोण?"

"त्यातली पोरं आहेत ना अजून. वय सांगायला दुसरा कागद कुठाय त्यांच्याकडे?"

खाली इंजिन सुरू झाले. बाई जिना उतरल्या. ट्रकच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि नुसता हातच वर केला.

साहेब खाली आले. चार गाठोडी उतरवली गेली.

"ही पांढऱ्यात कुणी बांधली?"

"मी."

"लिहून द्या."

बाईंनी चार ओळी लिहिल्या, त्यांतल्या दोन खोडल्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे बाईंना वाटले.

"रजिस्टरांसोबतच बांधा हा."

"साहेब, कायमच्या दप्तरात?"

"दप्तराचा वर्ग बदलला की कारणाचा कागद सोबत राहतो. तुम्हीच शिकवलंत मला."

बाईंनी लाल बासन अंथरले, रजिस्टरे रचली आणि आपला कागद सगळ्यात वर ठेवला. नावावरची पहिली चूक, तीही कायमची. जिचे नावच गाठीवरून पडले, तिच्या हातून आज गाठ बसेना.

शेवटी साहेबांनीच गाठीवर बोट धरले.