बुटाच्या टाचेएवढं

पाय परत द्यायला ती एकटीच गेली. "दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल," आई म्हणाली होती. "मला तो घरात बघवत नाही."

कृत्रिम पाय बनवायच्या त्या कार्यशाळेत सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ बसलेली होती. कारागिराने गुंडाळलेली चादर सोडली, पाय उलटसुलट करून पाहिला. "छान ठेवलाय. बाबा कसे आहेत?"

"गेले. घरात मागच्या मागे पडले. खुबा मोडला, मग उठलेच नाहीत."

"अरेरे. आणि बूट कुठाय याचा?"

"बूट?"

त्याने पाय टेबलावर उभा केला. तो मागे कलला, दाराची चौकट धरून बाबा कलायचे अगदी तसाच. कारागिराने टाचेखाली लाकडाची चपटी चकती सरकवली. पाय सरळ झाला. "बुटाच्या टाचेची उंची धरून बसवतो आम्ही. अनवाणी चाललं की मागे फेकणारच."

"घरातसुद्धा बूट?"

"मग!"

तिचे कान तापले. पुसलेल्या फरशीवर कुणाची चप्पल उमटली तरी आई घर डोक्यावर घ्यायची. बाबा दाराशी खुर्चीत बसून धापा टाकत बूट उतरवायचे आणि भिंत धरून आत यायचे. "जरा मन लावून चाला हो, सगळे शिकतात," आई करवादायची. बाबा जन्मभर कपडे बेतणारे कटिंग मास्तर. मापावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. पाय पुन्हा दाखवून येऊ, असं लेकीने एकदा म्हटलं, तर बाबा हसले होते. "माप घेऊन केलेली वस्तू आहे, बयो. खोट गिऱ्हाइकातच असणार."

"तुम्ही हे त्यांना सांगितलं होतं?"

"यात सांगण्यासारखं काय आहे, ताई? कळतंच ते."

"कुणाला कळतं?"

तो हात पुसू लागला. पलीकडे दोन दांड्यांना धरून एक म्हातारे गृहस्थ नव्या पायावर चालत होते. दोन्ही पायांत चकचकीत बूट. त्यांची बायको सोबत सरकत होती. "अहो, खाली काय बघताय? काही सांडलेलं नाही तिथे."

"काकू, काका घरात बूट काढतात?" तिने विचारलं.

"काढायला लावते! नाहीतर फरशी कोण पुसणार, हे?"

"ताई, पेशंटला उगाच घाबरवू नका," कारागीर म्हणाला.

"मी नाही बोलत. तुम्ही सांगा. आत्ता, माझ्यासमोर." तिचा आवाज चढला नव्हता, पण टेबलाची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती.

कारागीर दांड्यांपाशी गेला आणि त्याने सांगितलं. दोन वाक्यं. तेवढीच लागली.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

तो पुन्हा हात पुसू लागला. ती बाहेर पडली.

आई दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

वाटेत तिने उत्तर घोटून ठेवलं होतं. "पाय नीट बसवलाच नव्हता. चूक त्या कारागिरांची आहे."

आई उंबऱ्यावर मटकन बसली. "आणि मी त्यांना रोज टाकून बोलायची..." पदर तोंडाशी गेला.

बाबांचे बूट दाराबाहेर होते तसेच होते. आईने मान वर करण्याआधी तिने ते उचलले आणि खांद्यावरच्या पिशवीत कोंबले. इतक्या जोरात, की पिशवीचा बंद तुटून हातात आला.