न चावलेले घास

मी चटणीचं भांडं बोलतोय. मिक्सरबरोबर तीन भांडी मिळतात ना, त्यांतला सर्वांत धाकटा तो मी. थोरला ज्यूससाठी, मधला डोशाच्या पिठासाठी, आणि रोजची मरमर माझ्या वाट्याला. लसूण, मिरची, जिरं, शेंगदाणे, सगळं माझ्याच पोटात. आवाजाच्या बाबतीत मात्र मी थोरल्यालाही हार जात नाही. मी सुरू झालो की स्वयंपाकघरातल्या माणसाला बाहेरच्या खोलीतलं काही ऐकू येत नाही. एके काळी मला याचा मोठा तोरा होता.

पुनमच्या लग्नात तिच्या मामांनी आम्हाला उदगीरच्या बाजारातून आणलं. रुखवतात आम्ही तिघं भाऊ ओळीनं उभे होतो. मग लातूरला आलो, शिवशंकरच्या घरी. शिवशंकर डाळ मिलमध्ये मशीनवर कामाला. संध्याकाळी घरी आला की त्याच्या भुवयांवरसुद्धा तुरीचा भुसा असतो. घर दोन खोल्यांचं, आणि त्यात त्याची आई नागाबाई. पुनम सासूला आत्या म्हणते. दोघींचं भांडण व्हायचं ते मिठावरून, आणि तेही दुपारच्या चहापर्यंत मिटायचं.

दोन वर्षांनी माउली झाला. काय पोरगं होतं ते! दहाव्या महिन्यात चार दात, आणि त्या चार दातांनी त्यानं घरातल्या प्रत्येक वस्तूची चव घेतली. चमचा, लाटणं, बापाची चप्पल, माझ्या झाकणाची रबरी रिंग, काहीच सोडलं नाही. पुनम त्याच्या हातात भाकरीचा पापुद्रा द्यायची, उकडलेल्या गाजराची फोड द्यायची. तो ते चोखायचा, कुस्करायचा, निम्मं कानात घालायचा. ती हसून हसून बेजार व्हायची. तेव्हा तिला भीती म्हणून माहीत नव्हती.

माउली अकरा महिन्यांचा असताना संक्रांत आली आणि त्याचं बोरन्हाण ठरलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेला तो आणि भोवती गल्लीतली पोरं. नागाबाईनं पेल्यानं त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा ओतल्या. पोरांनी लुटालूट केली. माउली टाळ्या वाजवत होता. मला ते सगळं ओट्यावरून दिसत होतं, कारण आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसता पडदा आहे.

मग पोरं पांगली, हळदी-कुंकवाच्या बायका टेकल्या. त्यांच्यासाठी भजी तळायची होती. पुनम चटणी वाटायला आत आली. कोथिंबीर, मिरची, खोबरं तिनं माझ्यात घातलं, झाकण दाबून धरलं आणि बटण फिरवलं.

आता पुढचं सांगायलाच हवं. मी फिरत होतो. नेहमीसारखा, पूर्ण जोरात. पुनमनं मला थांबवलं तेव्हा बाहेरून नागाबाईची किंकाळी ऐकू आली. पडदा बाजूला झाला आणि मी पाहिलं. माउली आजीच्या मांडीवर होता, तोंड निळंसर पडलेलं, आणि आजीचं बोट त्याच्या तोंडात खोलवर गेलेलं. सतरंजीच्या घडीत एक फुटकी शेंग राहिली होती, त्यातला दाणा त्यानं उचलला होता. कुणी म्हणालं, पाणी पाजा. पाणी पाजलं. शिवशंकरनं गाडीला किक मारली, पुनम मागे बसली, पोराला छातीशी धरून. दवाखान्याच्या पायरीवरच सगळं संपलं.

ती हिरवी चटणी तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्यात तशीच होती. शेजारच्या सिद्धम्मानं येऊन मला घासलं.

बायका नंतर आपसात बोलायच्या, ते मी ऐकलं. माउली आधी खोकला होता म्हणे, चांगला तीन-चार वेळा. बायकांना वाटलं, ठसका लागला असेल. आईला कळलं असतं. आईला पोराच्या खोकल्यातला फरक कळतो. पण आईच्या कानाशी मी होतो.

त्यानंतर या घरात माउलीचं नाव कुणी घेतलं नाही. अख्खा शेंगदाणाही उरला नाही. दुकानातून पुडा आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी पुनम तो भाजायची आणि माझ्यात घालून कूट करून टाकायची. एखादा दाणा ओट्याखाली घरंगळला तर पालथी पडून, टॉर्च लावून शोधायची. शिवशंकर एकदा म्हणाला, "आगं, एक दाणा तर हाय." ती टॉर्च फिरवत राहिली. तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

दोन वर्षांनी गीतांजली झाली. सहाव्या महिन्यात तिचं उष्टावण झालं आणि माझं खरं काम सुरू झालं. वरण-भात माझ्यात. खिचडी माझ्यात. दुधात भिजवलेली भाकरी माझ्यात. केळं, जे बोटानं चेंबतं, तेसुद्धा माझ्यात. वर पुन्हा गाळणीतून गाळायचं. मला सलग मात्र ती फिरवत नसे. दोन सेकंद फिरवायची, बंद करायची, मान वाकडी करून बाहेरच्या खोलीकडे कान द्यायची. पोरीचा आवाज आला की पुन्हा दोन सेकंद. एका वाटीसाठी दहा-बारा वेळा.

खरं सांगतो, सुरुवातीला मला बरं वाटायचं. वाटायचं, एका लेकराचं जे झालं ते झालं, या लेकराला मी घास-घास सांभाळीन. मी इतकं बारीक वाटायचो की गाळणीत काही उरत नसे. गीतांजली एक वर्षाची झाली, मग दीड वर्षाची, मग दोन. तिला सोळा दात आले आणि त्यांतला एकही कामाला लागला नाही. भात कसा लागतो, भाकरी कशी लागते, तिला ठाऊक नव्हतं. तिच्या जगात सगळं जेवण एकाच रंगाचं आणि एकाच चवीचं होतं. ती लुकडी राहिली. वाटीत चुकून एक शीत राहिलं तरी तिला उमासे यायचे, आणि पुनम ती वाटी पुन्हा माझ्यात रिकामी करायची. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी हिला जगवतोय खरं, पण खाऊ देत नाही.

आमच्या गल्लीच्या अंगणवाडीत केवळाबाई आहेत. पंचवीस वर्षं पोरं मोजण्यात आणि तोलण्यात गेलेली बाई, बोलायला सडेतोड. गीतांजलीला अंगणवाडीत घातल्यावर चौथ्याच दिवशी त्या घरी आल्या.

"पुनम, तुजी पोरगी खिचडी गालात धरून बसती. घंटाभर. मंग थुकून देती. घरी काय खाती ही?"

पुनमनं माझ्याकडं बोट दाखवलं.

केवळाबाईंनी माझं झाकण उघडून आत पाहिलं. त्यांना माउलीचं माहीत होतं, गल्लीत कुणाला नव्हतं? त्या खाली बसल्या आणि आवाज उतरवून बोलल्या. "माय, भीती वाटायचीच. पण सातव्या-आठव्या महिन्यापासून लेकरू हातात धरून खाया शिकतंय. ही दोन वरसांची झाली. चावायची सवयच न्हाई लागली तर पुढं जास्त अडकंल हिला, कमी न्हाई."

मग त्यांनी सगळं समजावून दिलं. लेकरू ताठ बसलेलं पाहिजे, आपण समोर. पळताना, हसताना घास नको. फोड बोटाएवढी लांब, आणि आपल्या दोन बोटांत दाबली की चेंबली पाहिजे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं एवढ्यात नकोतच. नागाबाई दाराशी बसून भाजी निवडत होती, तीही ऐकत होती.

"आन् खोकली तर खोकू द्या," केवळाबाई म्हणाल्या. "खोकती म्हंजी वारं आत-बाहेर चालू हाय. आवाजच बंद झाला तर पुढं वाकवायचं आन् पाठीत, दोन खांद्यांच्या मधी, पंजाच्या बुडानं थापा मारायच्या. पाणी पाजायचं न्हाई. आन् घास दिसत नसंल तर तोंडात बोट कवाच घालायचं न्हाई. बोटानं जिन्नस आजून आत जातो."

उशीवर थापा मारून दाखवण्याच्या नादात केवळाबाईंचं लक्ष नव्हतं. माझं होतं. नागाबाईच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग ती उठली आणि भिंतीला धरत बाहेर गेली. पुनमही तिच्याकडेच बघत होती.

इतकी वर्षं त्या घरात नागाबाई ही माउलीला वाचवायला धडपडलेली आजी होती. आणि पुनम ही आत चटणी वाटत बसलेली आई होती, निदान स्वतःच्या मनात तरी. एका वाक्यानं सगळं फिरलं. दुसऱ्यावर टाकता येईल असं काहीतरी पुनमच्या हाती लागलं होतं. ती ते टाकते का, याची मला धास्ती वाटत होती. बाई वाईट नाही ती, पण चार वर्षं एकटीनं ओझं वाहिलं होतं तिनं.

दोन दिवस ती सासूशी बोलली नाही. नागाबाई नातीला जवळ घेईना. पोरगी पदर ओढायची, ती पदर सोडवून घ्यायची. तिसऱ्या दिवशी जेवणाआधी नागाबाईनं पिशवी भरली. उदगीरजवळच्या गावी तिचा भाऊ राहतो, दुपारच्या एसटीनं त्याच्याकडे निघाली होती.

पुनम ओट्याशी होती. मला वाटलं, आता वरण-भात घालेल माझ्यात. पण तिनं मला पालथं केलं आणि बाजूला सरकवलं. उकडलेलं रताळं सोललं, त्याच्या लांब फोडी केल्या, एकेक फोड बोटांत दाबून पाहिली. ताटली घेऊन ती बाहेर गेली आणि पिशवीशेजारी उभी राहिली.

"आत्या, जाऊ नका. मला एकटीला हे व्हायचं न्हाई."

"मी कशाला पायजे गं?" नागाबाई म्हणाली. "माज्या बोटानंच गेला त्यो. मी बोट घातलं, पाणी पाजलं. माज्या हातानं."

पुनमनं ताटली खाली ठेवली.

"मी आत मिक्सर लावून राहिले व्हते," ती म्हणाली. "माउली खोकला, मला ऐकूच आला न्हाई."

चार वर्षांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं. 'तुमची चूक नव्हती' असं पुनम म्हणाली नाही, आणि नागाबाईही म्हणाली नाही. दोघी रडल्या, अगदी मोठ्यानं. गीतांजली दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती.

मग त्यांनी तिला पाटावर ताठ बसवलं. एक समोर, एक बाजूला. पोरीनं फोड उचलली, मुठीत चेंबली, बोटांच्या फटींतून आलेलं रताळं चाटलं. मग तुकडा तोंडात घातला आणि तशीच बसली. एकदम तिला उमासा आला. ती खोकली. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. पुनमचा हात आपसूक पुढं गेला, बोट बाहेर काढलेलं, थेट तोंडाकडे.

नागाबाईनं तिचं मनगट पकडलं.

"बोट न्हाई! खोकून राहिली ती. आवाज हाय तिचा. आईक."

दोघी ऐकत राहिल्या. मीही ऐकत होतो, पालथा पडून, गप्प. आणखी दोन ठसके, आणि तो तुकडा फ्रॉकवर पडला. गीतांजलीनं त्याच्याकडे रागानं पाहिलं. उचलला. पुन्हा तोंडात घातला. आणि तिचे जबडे हलले, आधी वाकडेतिकडे, मग जरा बरे. तिनं गिळलं. पुनमचा गळाही तिच्याबरोबर हलला. नागाबाईनं मनगट सोडलं नव्हतं. दुपारची एसटी कधीच निघून गेली होती.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. गीतांजली भाकरी खाते, वरणात बुडवून, हात कोपरापर्यंत माखून. मला आता फक्त चटणीसाठी काढतात, तेही पोरगी अंगणवाडीत गेल्यावर. माझी रिंग सैल झालीय, एक पातं बोथट झालंय. नवं भांडं आणायचं शिवशंकर म्हणतोय. आणू दे. पण ज्यांच्या घरी रांगतं लेकरू आहे त्यांना जाता जाता एक विनवणी करतो. लेकरू काही खात असेल तेव्हा आम्हाला फिरवू नका. चटणी मागाहून होते.

परवा जेवताना नागाबाईनं विचारलं. पोरगी जेवून उठली होती, दोघीच ताटावर होत्या. "पुनम, खरं सांग. म्या बोट घातलं नसतं तर जगला असता का गं त्यो?"

पुनमचा घास हातातच राहिला. "ठाव न्हाई, आत्या," ती म्हणाली. मग चतकोर भाकरी सासूच्या ताटात वाढली. "जेवा."

नागाबाई जेवली. तिला विचारायला पुनम तरी आहे. मी कुणाला विचारू? मी त्या दिवशी गप्प असतो, तर त्याच्या आईला तो खोकला ऐकू आला असता का हो?