दादांनी बांधलेला धागा

आश्विनातल्या कोवळ्या उन्हात झेंडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास एकत्र आला, की मला दादांचे हात आठवतात. सातपूरच्या आमच्या कारखान्याचे ते मालक. पण केबिनपेक्षा पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसच्या रांगेतच त्यांचा जीव रमे. सकाळच्या पाळीला ते शेडमध्ये शिरले, की त्या अखंड धडधडीतही आम्हाला त्यांची चाहूल लागे आणि वाकलेल्या पाठी आपोआप ताठ होत.

कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाच्या आईचा मोतीबिंदू काढायचा आहे, सारे त्यांना तोंडपाठ. बायकांना प्रेसवर बसवायचे धाडस आमच्या गल्लीत पहिल्यांदा त्यांनीच केले. मंदीत शेजारच्या शेडना कुलपे लागली, तेव्हा पिंपावर उभे राहून ते एवढेच म्हणाले, "कुणी घरी जाणार नाही," आणि खरोखर कुणी गेले नाही. मी सुपरवायझर, शंका घेणे हेच माझे काम. पण त्यांच्या प्रसन्न मुद्रेपुढे माझी शंका ओठांवर येण्याआधीच विरघळे, आणि मला त्याचे भूषणही वाटे.

प्रत्येक प्रेसला बोटांच्या रक्षणासाठी एक लोखंडी जाळी असते. ती खाली ओढल्याशिवाय काम करायचे नाही, असा नियम. एका खंडेनवमीला, हार नीट दिसावा म्हणून दादांनी आमच्या कामगार शोभाताईंच्या प्रेसची जाळी वर उचलली, पूजेच्या लाल धाग्याने बांधली आणि उघड्या हातांनी पहिला नग काढला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दसऱ्याची सुट्टी संपली, सुकलेला हार उतरला. धागा मात्र राहिला. तो दादांच्या हातचा होता. शोभाताई रोज त्याला बोट लावून नमस्कार करीत आणि कामाला बसत. मी रोज तिथून जाई. सोडायला हात पुढे होई, आणि मागे येई.

दिवाळीच्या आधी शोभाताईंच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

दवाखान्यात दादांचा तो भारदस्त आवाज मी प्रथमच घोगरा ऐकला. "ताई, तो धागा कुणीच कसा सोडला नाही?"

पांढऱ्या पट्टीतल्या हाताकडे पाहत, रागाचा लवलेशही नसलेल्या स्वरात शोभाताई म्हणाल्या, "तुमी बांधेल व्हता ना, दादा. आमी कसा सोडनार?"

दुसऱ्या सकाळी दादांनी स्वतः तो धागा कापला आणि सगळ्यांपुढे हात जोडले, "मला नाही म्हणायला शिका रे." ते इतक्या आर्जवाने म्हणाले, की आम्ही सारे एका सुरात उत्तरलो, "हो, दादा!" त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे दाटले, ते मला पुष्कळ उशिरा कळले.

आता दादा नाहीत. शोभाताई तयार माल तपासतात. खंडेनवमीची पूजा आजही होते, आणि आरती संपल्याबरोबर उरलेल्या बोटांनी त्या एकेका प्रेसवरचा धागा सोडत जातात. मी त्यांच्या मागून प्रत्येक जाळी खाली ओढून पाहतो. काळाने दादांचा आवाज पुसट केला, चेहराही हळूहळू नेईल; त्यांच्यावरचे प्रेम मात्र तसूभर ओसरलेले नाही, आणि त्या प्रेमाच्याच भीतीने मी शेवटच्या प्रेसपर्यंत जातो.